मधल्या खंडाची कसोटी

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे त्या काळात मी कॉलेजात होतो. तिथे काय वाचायचं हे आपण ठरवत नसू, ढीग ठरवायचा. इंग्रजी विज्ञानकथा आणि फँटसीच्या जाडजूड सिरीजचे सुटे खंड वीस-पंचवीस रुपयांना मिळत. पहिला खंड मात्र हटकून नसायचा. पहिला लोक घरी ठेवून घेतात, रद्दीत जातो तो दुसरा नाहीतर पाचवा. त्यामुळे या साहित्याशी माझी ओळख मधूनच झाली. आयझॅक ॲसिमॉव्हच्या 'फाउंडेशन'मधलं मी आधी दुसरं पुस्तक वाचलं. उर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'तलंही दुसरंच. आणि रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चा पाचवा की सहावा भाग. पहिल्या दोघांनी मला जेवायला उठू दिलं नाही. जॉर्डनची साठ पानं वाचली आणि पुस्तक परत त्याच फुटपाथवर दहा रुपयांना देऊन टाकलं.

तेव्हा वाटलं, चूक आपलीच. पाचव्या भागापासून कोण सुरुवात करतं? आता इतकी वर्षं हे साहित्य वाचल्यावर वाटतं की फुटपाथने नकळत हातात एक चांगली कसोटी दिली होती. कुठल्याही सिरीजचा मधला खंड उचलावा. त्याला स्वतःची सुरुवात असेल, स्वतःचा पेच असेल आणि पुस्तक मिटताना काहीतरी संपल्यासारखं वाटत असेल, तर ती सिरीज. नाहीतर ती एकच लांबलचक कादंबरी, हप्त्याहप्त्याने विकलेली. दोन्हींत चांगलं-वाईट असू शकतं, पण दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे आपण एका भलत्याच प्रश्नावर भांडत बसलो आहोत.

तो प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चं पहिलं पुस्तक १९९६ साली आलं, पाचवं जुलै २०११मध्ये. सहाव्याची वाट लोक तेव्हापासून बघताहेत, आणि सातवं अजून सहाव्याच्या मागे उभं आहे. मुळात बेत तीन पुस्तकांचा होता. एचबीओची सिरियल २०११मध्ये सुरू झाली, २०१६पर्यंत पुस्तकांच्या पुढे निघून गेली, २०१९मध्ये संपलीसुद्धा. तिचा शेवटचा सीझन पुन्हा बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. म्हणजे एक शेवट मिळाला तो नको होता आणि जो हवा आहे तो मिळत नाही. पॅट्रिक रॉथफसची गोष्ट याच जातीची. पहिला खंड २००७, दुसरा २०११, तिसऱ्यावर गाडी अडलेली.

यावर वाचकांच्या दोन फळ्या आहेत. एक म्हणते, लेखक आम्हाला शेवट देणं लागतो. आम्ही हजारो पानं वाचली, पैसे मोजले, आमच्या वयाची वर्षं घातली. दुसरी म्हणते, तुम्ही पैसे दिले ते हातातल्या पुस्तकाचे, ते तुम्हाला मिळालं, विषय संपला. २००९ साली लेखक नील गेमनने एका वाचकाला असंच खरमरीत उत्तर दिलं होतं. त्याचा मतितार्थ असा की मार्टिन काही तुमच्या घरचा गडी नाही. तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. अजूनही लेखकाच्या आजारपणावरून, वजनावरून, तो फुटबॉलच्या मॅच बघतो यावरून त्याला टोचणाऱ्या लोकांची मला शिसारी येते. पण टाळ्या आता थोड्या कमी वाजतात, कारण त्या उत्तरात वाचकाचा हिशोब निव्वळ दुकानातला होतो. पैसे दिले, माल घेतला.

आपल्याकडच्या कहाण्यांना वाचकाचं, म्हणजे ऐकणाऱ्याचं, मोल याहून जास्त कळलं होतं. आदित्यराणूबाईची कहाणी आठवा. राणीला वसा पुरा करायला कहाणी सांगायची असते आणि त्यासाठी उपाशी माणूस शोधावा लागतो. मोळीविक्या सापडतो. राणी सहा मोती घेते, तीन त्याला देते, तीन आपल्याकडे ठेवते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो. सांगणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा वाटा, अगदी मोजून. ऐकणारा मिळाला नाही तर सांगणारीचा वसाच अडतो. लहानपणी श्रावणातल्या रविवारी हे ऐकताना मला फक्त मोत्यांचं अप्रूप वाटायचं. आता त्यातला व्यवहार दिसतो, आणि तो व्यवहार प्रत्येक कहाणीपुरता आहे. मोळीविक्याला एक पूर्ण कहाणी मिळते. पुढे माळ्याला वेगळी बसवून पुन्हा सांगितली जाते. अर्धी आज ऐक, उरलेली पुढच्या श्रावणात बघू, असं राणी कुणालाच म्हणत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. लेखक वाचकाला सिरीजचा शेवट देणं लागत नाही, तारीख तर मुळीच नाही. तो देणं लागतो ते हातातल्या खंडाचं पुरेपण. आणि हे देणं चुकवलं जातं ते शेवटचा खंड रखडतो तेव्हा नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.

गोची कुठून सुरू झाली ते बघण्यासारखं आहे. फँटसी म्हणजे तीन खंड हे समीकरण ज्याच्यामुळे रूढ झालं त्या टॉल्किनने तीन खंड लिहिलेच नव्हते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्याच्या लेखी एकच पुस्तक होतं. १९३७च्या डिसेंबरात सुरू करून त्याने ते १९४९पर्यंत पुरं केलं. युद्धानंतर कागद महाग, एवढा ठोकळा छापण्यात प्रकाशकाला धोका, म्हणून त्याचे तीन तुकडे केले आणि ते १९५४-५५मध्ये एकामागून एक बाजारात आले. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी फ्रोडो शत्रूच्या ताब्यात आहे आणि सॅम बंद दाराबाहेर. त्या काळच्या वाचकांना तिसऱ्यासाठी जवळजवळ वर्षभर थांबावं लागलं, तेही मुख्यतः परिशिष्टांमुळे. गोष्ट लिहून कधीच तयार होती. नंतरच्या पिढ्यांनी छापखान्याची ही तडजोड म्हणजेच या साहित्याची रीत असं धरून चालायला सुरुवात केली. घेतलं काय, तर तुकडे. आधी सगळं लिहून ठेवण्याचं पथ्य मात्र घेतलं नाही.

आता फाउंडेशन बघा. पहिल्या गोष्टी १९४२ ते १९५० या काळात मासिकात आल्या, मग तीन पुस्तकं झाली. कल्पना अशी की आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार, त्यानंतर तीस हजार वर्षांचा अंधार येणार, आणि हॅरी सेल्डनच्या गणिती योजनेमुळे तो एक हजार वर्षांवर आणता येणार. ॲसिमॉव्हने हात आखडता घेतला तेव्हा त्या हजारातली चारशे वर्षंही भरली नव्हती. कारण काय, तर दर नव्या गोष्टीआधी मागचं सगळं पुन्हा वाचायचं आणि नव्या वाचकाला ते खुबीने सांगायचं, याचा त्याला कंटाळा आला होता. म्हणजे ही मालिका निम्म्याहून कमी झालेली. तरी १९६६ साली सार्वकालिक सर्वोत्तम मालिकेचा ह्यूगो पुरस्कार (विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा, वाचकांच्या मतांवर ठरणारा) टॉल्किनला मागे टाकून तिला मिळाला. सेल्डनच्या हजार वर्षांचं पुढे काय झालं म्हणून त्या तीन पुस्तकांतलं एकही मला अपुरं वाटलेलं नाही, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट स्वतःचा पेच स्वतः सोडवते. फुटपाथवरचं माझं दुसरं पुस्तक 'म्यूल'च्या गोष्टीने संपतं आणि असं संपतं की पुढचं न मिळताही माझी दोन वर्षं मजेत गेली.

मग वाचकांचा आणि प्रकाशकाचा रेटा वाढत गेला आणि १९८२मध्ये ॲसिमॉव्ह परतला. ते पुस्तक खूप खपलं. १९८६मध्ये आणखी एक आलं, मग मागच्या काळात जाऊन दोन. चारही मी वाचली आहेत. सेल्डनचं गणित बाजूला पडलं, यंत्रमानवांच्या जुन्या कादंबऱ्यांशी सांधे जुळवण्यात पानंच्या पानं गेली, आणि हजार वर्षांतली पाचशे तरीही पुरी झालीच नाहीत. मागितलं ते मिळालं, एवढंच याबद्दल म्हणता येईल.

मराठीत आपण या बाबतीत सुदैवी आहोत असं मी गमतीने म्हणत असे. आता गंभीरपणे म्हणतो. आपली सिरीजची परंपरा एका नायकाच्या सुट्या पुस्तकांची आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नारायण धारपांचा समर्थ. फाफे कुठूनही उचला, बनेशला ओळखायला चार पानं पुरतात. विज्ञानकथा तर मराठीत वाढली ती मुख्यतः मासिकं आणि दिवाळी अंकांमधून, म्हणजे पंधरा-वीस पानांत गोष्ट आटपायच्या शिस्तीत. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली तीही कथाच. या शिस्तीचा तोटाही आहे: सात पुस्तकं पुरेल एवढं जग उभं करायची उमेद आपल्याकडे फारशी दिसत नाही, आणि ती दिसावी असं मला फार वाटतं. पण उद्या कोणी ते केलंच, तर त्याने भागवतांचं हे एवढं उचलावं.

खरं तर मार्टिनलाही ते जमत होतं. पहिल्या पुस्तकात एका सरळ माणसाच्या सरळपणाची किंमत वसूल होते आणि दूर वाळवंटात एक अशक्य गोष्ट घडते. पुस्तक मिटताना दोन्ही टोकं बसलेली असतात. तिसऱ्याला (२०००) तर मी या अख्ख्या साहित्यातल्या पहिल्या पाचांत धरतो. गाडं घसरलं ते त्यानंतर. कथेत मध्ये पाच वर्षं उडी मारायचा बेत होता, ती मुलं जरा मोठी व्हावीत म्हणून. लिहिताना तो जमेना, मग तो सोडला. हस्तलिखित आवरेनासं झालं तेव्हा मार्टिनने ते काळाप्रमाणे न तोडता प्रदेशाप्रमाणे तोडलं: काही पात्रांची प्रकरणं चौथ्या पुस्तकात (२००५), टिरियन, डेनेरिस आणि जॉन स्नो यांची पाचव्यात. चौथ्याच्या शेवटी टीप होती की उरलेलं पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. ते यायला सहा वर्षं लागली. लोक त्या सहा वर्षांबद्दल बोलतात. मला खटकतं ते वेगळंच: चौथं पुस्तक हे पुस्तक नाही. तो एका पुस्तकाचा नकाशावर रेघ मारून कापलेला अर्धा भाग आहे, आणि त्याची किंमत पूर्ण पुस्तकाची आहे. तक्रार करायचीच तर २००५ सालाबद्दल करावी. सहावं पुस्तक उद्या आलं तरी ती तक्रार मिटत नाही.

गंमत म्हणजे या घोळाला पुरस्कारही आहे. ह्यूगोमध्ये सर्वोत्तम सिरीजचा वेगळा पुरस्कार २०१७मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाला आणि पुढच्या वर्षापासून कायमचा झाला. अट काय, तर किमान तीन भाग आणि एकूण दोन लाख चाळीस हजार शब्द. सिरीज पूर्ण झालेली असावी अशी अट नाही. हे कळल्यावर मी आधी चिडलो होतो. मग बघितलं की पहिलाच पुरस्कार लोइस मॅकमास्टर बुजोल्डच्या व्होरकोसिगन मालिकेला मिळालाय, जी १९८६पासून चालू आहे आणि जिचं प्रत्येक पुस्तक एकेकटं वाचता यावं असंच लिहिलेलं आहे. परीक्षक वाचकच असतात तिथे. कसोटी त्यांनाही ठाऊक असावी.

इथे एका तिसऱ्या फळीबद्दल बोललं पाहिजे, ती सध्या वेगाने वाढते आहे. 'सिरीज पूर्ण झाल्याशिवाय मी हात लावत नाही' असं म्हणणारे. दूधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पितात, समजण्यासारखं आहे. पण नव्या लेखकाचं पहिलं पुस्तक कोणी घेतलंच नाही तर दुसरं छापायचं की नाही हे प्रकाशक त्या विक्रीवरूनच ठरवतो. मार्टिनवरचा राग अशा रीतीने भलत्याच कुणा तिशीतल्या पोरीच्या पहिल्या पुस्तकावर निघतो. शिवाय वेळेवर पुऱ्या होणाऱ्या सिरीज नाहीत असंही नाही. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने दोघांनी मिळून लिहिलेली 'द एक्सपान्स' २०११ ते २०२१ या दहा वर्षांत नऊ कादंबऱ्यांत संपली. यांच्यासाठी मला सुचतो तो उपाय साधा आहे: पहिला खंड घ्या आणि तो सिरीजचा पहिला भाग आहे हे विसरून वाचा. पुस्तक म्हणून उभं राहिलं तर पैसे वसूल, पुढचं आलं नाही तरी. नाही राहिलं तर दुसरा खंड येऊनही काय उजेड पडणार आहे?

लेखकच गेला तर? जॉर्डन २००७ साली गेला तेव्हा एक भाग बाकी होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल त्याची संपादकही होती. तिने ब्रँडन सँडरसनला निवडलं, जॉर्डनने सांगून आणि लिहून ठेवलेलं त्याच्या हवाली केलं, आणि त्या एका भागाचे तीन होऊन चौदावा खंड २०१३मध्ये आला. शेवटचा प्रसंग जॉर्डनच्या हातचा आहे. मी मागाहून ती सिरीज पहिल्यापासून चिकाटीने वाचली. दहाव्या भागात (२००३), जिथे नवव्याच्या शेवटी घडलेल्या एकाच घटनेकडे बघत पात्रामागून पात्र नुसतं थबकतं, तिथे मी दोनदा सोडून दिली होती. सँडरसनने ती नेटाने किनाऱ्याला लावली हे मान्य. उलट टोकाला टेरी प्रॅचेट. २०१५मध्ये तो गेला, मागे डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या आणि एका हार्डडिस्कवर अर्धवट लिखाण. त्याच्या इच्छेप्रमाणे २०१७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या जत्रेत वाफेवरचा जुना रोड रोलर फिरवून ती हार्डडिस्क चिरडण्यात आली. जॉर्डनच्या वाचकांना दुसऱ्या हाताची गरज पडली, प्रॅचेटच्या वाचकांना पडली नाही, कारण ४१मधलं कुठलंही पुस्तक आधीच पुरं होतं. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'चं तिसरंच झालं. १९८६मध्ये तो गेला, नंतर मुलाने एका सहलेखकाबरोबर डझनाहून जास्त कादंबऱ्या जोडल्या. एक वाचली. पुरे झाली.

आणि अर्थसी. हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फुटपाथवरच्या त्या दुसऱ्या पुस्तकाने माझं एक मोठं काम केलं. १९६८च्या पहिल्या भागाचा नायक गेड नावाचा जादूगार आहे. १९७१च्या दुसऱ्या भागात तो निम्मं पुस्तक होईपर्यंत येतच नाही. गोष्ट आहे तेनारची. लहानपणी घरातून उचलून आणलेली, नाव काढून घेतलेली, ॲटुआनच्या थडग्यांची पुजारीण. जमिनीखालचा काळाकुट्ट चक्रव्यूह तिचा, तिथे उजेड करायला बंदी. एक दिवस तिला त्या अंधारात दिवा दिसतो आणि दिव्यापाशी एक अनोळखी चोर. पहिला भाग वाचून आलेल्याला तो गेड आहे हे माहीत असतं. मला नव्हतं. त्याला मारायचं की जगवायचं हे तेनारला जितकं ठरवता येत नव्हतं, तितकंच मलाही. रद्दीवाल्याच्या कृपेने मी त्या मुलीच्या जागी उभा राहून ते पुस्तक वाचलं. क्रमाने वाचणाऱ्याला ते सुख नाही.

१९७२मध्ये तिसरा भाग आला, गेडची गोष्ट संपली. पुढे अठरा वर्षं काही नाही. मग १९९०मध्ये चौथं पुस्तक आलं, त्यावर छापलेलं: अर्थसीचं शेवटचं पुस्तक. त्यात तेनार अधेड वयाची, शेतकऱ्याची विधवा आहे, गेड आपली सगळी शक्ती गमावून आलेला, आणि मध्ये एक होरपळलेली मुलगी. पहिल्या पुस्तकात एक म्हण येते, 'बायकांच्या जादूसारखं दुबळं, बायकांच्या जादूसारखं दुष्ट'. बावीस वर्षांनी ले ग्विनने स्वतःच उभारलेल्या जगाला विचारलं की हे असं का, आणि त्याची जुनी भिंत पाडून दाखवली. जादू कुठे, पराक्रम कुठे, म्हणत पुष्कळ वाचक नाराज झाले. मीही पहिल्या वाचनात झालो होतो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि भांडी कोण घासतं हा प्रश्न ड्रॅगनपुढे फालतू वाटायचा. आज त्या मालिकेतलं हेच पुस्तक मी सगळ्यात जास्त वेळा काढतो. २००१मध्ये तिने आणखी दोन लिहिली, म्हणजे 'शेवटचं' हा शब्दही खोटा ठरला. ॲसिमॉव्हला परत बोलावलं गेलं, ले ग्विन आपणहून परतली, सांगण्यासारखं काही साठलं तेव्हा. तीन पुस्तकं पुरी होती म्हणूनच तिला अठरा वर्षं गप्प बसता आलं आणि मग हवं ते करता आलं. रखडलेल्या खंडाचा लेखक हे करू शकत नाही. तीस वर्षांपूर्वी मारलेल्या गाठी सोडवणं एवढंच त्याच्या हाती उरतं, आणि त्या मारणारा माणूस तोच राहिलेला नसतो. मार्टिनची मला दया येते ती इथे.

गेल्या दिवाळीत भाचीने विचारलं, "मार्टिन सुरू करू का? अर्धवट आहे म्हणतात." ती संगणकवाली, अर्धवट कामाची तिला चीड. मी पहिली तीन पुस्तकं काढून दिली आणि बजावलं, तिसऱ्यावर थांबायचं, तिथे तुझ्यापुरतं संपलं असं समजायचं. तिने मान डोलावली. परवा रात्री पावणेदोनला तिचा मेसेज आला, त्यात नुसती उद्गारचिन्हं. म्हणजे तिसऱ्यातल्या त्या लग्नापर्यंत पोचली होती. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी तोंड बंद ठेवतो. काल सकाळी फोन. "मामा, संपलं. चौथं आहे ना तुझ्याकडे?"

शोधतो म्हणालो. कपाटात समोरच आहे.